कासव सोडायला शोभेसा दिवस

…आणि ज्या कुणी ही कल्पना पहिल्यांदा काढली ना, की जगातल्या प्रत्येक चांगल्या गोष्टीला वर्षातला एकेक दिवस वाटून टाकायचा आणि उरलेलं वर्षभर तिच्याकडे पाठ करून बसायचं, त्या माणसानं आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही! मी लिहून देते. पाहिला असता तर त्याला कळलं असतं की समुद्राला साप्ताहिक सुट्टी नसते. रविवारी लाटा बंद असतात का? जेवायच्या वेळेला भरती अर्ध्यात थांबते का? नाही ना? मग त्याची आठवण काढायला एकच दिवस का? आणि त्या एका दिवशीसुद्धा आपण काय करतो, तर टोप्या घालतो!

जाऊ दे. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही मुलगी आली की तापलेलीच येते. घरी आईसुद्धा तेच म्हणते. "तुला इस्त्री म्हणून वापरता आलं असतं," म्हणते.

तर मी समुद्री प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. दवाखाना म्हटल्यावर मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका हं. किनाऱ्याला लागून पत्र्याची एक लांब शेड, आत निळ्या टाक्या, माशांनी भरलेला एक फ्रीज, त्याच फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आमचे जेवणाचे डबे, आणि एक पंप. तो चालू असला की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, आणि मधेच बंद पडला की सगळे नुसते ओरडत असलेले सापडतात. माझं पद आहे 'जनजागृती सहायक'. म्हणजे जनता झोपलेली आहे असं गृहीत धरून मला नेमलेलं आहे. कॉलेजातून समुद्रविज्ञान शिकून बाहेर पडले तेव्हा मला वाटलं होतं, दोन-तीन वर्षांत आपण समुद्र वाचवून मोकळे होऊ, मग पुढे नद्या वगैरे घेऊ. हसू नका! तुम्हालाही कधीतरी असं काहीतरी वाटलंच असेल की.

आमचे व्यवस्थापक साहेब. त्यांना आम्ही पाठीमागे 'कॅलेंडर' म्हणतो. मनानं वाईट नाही हो माणूस! पंप बिघडला तर स्वतः बाह्या सरसावून बादल्या वाहतो. पण दिवस म्हटला की त्यांना काहीतरी होतं. सकाळी आल्याआल्या पहिला प्रश्न: "आज कशाचा दिवस आहे?" कोणता पेशंट कसा आहे, टाकीचं पाणी बदललं का, ते सगळं नंतर. आधी दिवस! आणि दिवस असला की माणूस फुलतो. फळा पुसला जातो, खडू येतो, "चला, चला, दोन शब्द बोलू या." ऐकायला कोण? तर मी, डॉक्टर मॅडम, पंपवाले काका आणि टाकीतले खेकडे.

अशात आत्याबाई आल्या.

आत्याबाई म्हणजे कासव हो. चांगलं भलंमोठं, जेवायच्या टेबलाएवढं. मच्छीमारांनी आणून दिलं. कुणीतरी समुद्रात टाकून दिलेल्या फाटक्या जाळ्यात अडकलेलं, पुढचा एक पाय, वल्ह्यासारखा असतो ना तो, दोरीनं पार हाडापर्यंत कापलेला. आणि पोट फुगून एका कुशीवर कलंडलेलं, बुडावं म्हटलं तरी बुडता येत नाही अशी अवस्था. डॉक्टर मॅडमनी पोटातून काय काय काढलं माहितीये? पिशव्यांच्या चिंध्या, बाटलीचं बूच, आणि एक लाल फुगा. दोरीसकट! कुणाच्या तरी आनंदाच्या दिवशी आकाशात सोडलेला असणार. वर सोडला म्हणजे वरच राहतो, असं लोकांना खरंच वाटतं का हो?

तर शुद्धीवर आल्यावर तिनं टाकीतून मान वर काढली आणि आमच्याकडे असं काही पाहिलं, की पंपवाले काका म्हणाले, "हुबेहूब माझी आत्या! चहात साखर कमी पडली की अशीच बघायची." झालं, त्या दिवसापासून आत्याबाई. डॉक्टर मॅडम, ज्या एरवी पंपाला घाबरून चार शब्दांच्या वर बोलत नाहीत, त्यासुद्धा तिच्याशी गप्पा मारायला लागल्या.

आणि बरी झाली ना ती! पाय भरून आला, मासे अख्खेच्या अख्खे गिळायला लागली, आणि एक दिवस मॅडमनी मला हाक मारली, "ये, बघ." बघते तर आत्याबाई टाकीच्या तळाशी शांत बसलेल्या. तळाशी! कित्येक आठवडे कलंडत तरंगणारा जीव स्वतःच्या मर्जीनं खाली जाऊन बसला होता. मॅडम म्हणाल्या, "झालं. आता सोडा हिला."

मी धावतच साहेबांकडे. "साहेब, आत्याबाईंना सुट्टी!"

साहेब खुर्चीतून उठले, आनंदानं टाळी वाजवली आणि मागे वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "अगं, महासागर दिन तोंडावर आलाय! त्या दिवशी सोडू. पाहुणे बोलावू, शाळा बोलावू. लोकांना कळेल तरी समुद्रासाठी काय करायला हवं ते."

"साहेब, पण ती आज बरी झालीये."

"मग आणखी बरी होईल. घाई कशाला? समुद्र काय कुठे पळून चाललाय?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर ते आता झोपेतही ऐकते. समुद्र काय कुठे पळून चाललाय! जसा काही तो आपल्या दारात बांधून ठेवलाय.

अहो, समुद्र नाही पळत, पण कासव बदलतं! मॅडमनी साहेबांना समजावलं, पंप बंद करवून समजावलं, म्हणजे बघा. "जितकी इथं राहील तितकी ही माणसाळेल. आत्ताच बादलीचा आवाज आला की मान वर काढते. उद्या समुद्रात होडी दिसली की लांब पळायच्या ऐवजी ही मासे मागायला जवळ येईल. आणि होडीच्या खाली पंखा असतो." इतकंच बोलल्या. पुढचं बोलायची गरज होती का? साहेबांनी एकदा टाकीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "थोडेच तर दिवस आहेत."

बरं, म्हटलं, थोडेच तर दिवस आहेत. मी आपली टाकीपाशी जाऊन बसायची. समुद्राच्या बाजूच्या भिंतीला नाक घासत असायची हो ती. रोज त्याच बाजूच्या! तिला कुणी दिशा सांगितली होती? नाकावरची कातडी सोलवटून गेली. मॅडम मलम लावायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

इकडे तयारी सुरू. फलक आला, प्लास्टिकचा! त्यावर लिहिलेलं: 'प्लास्टिक टाळा'. मी म्हटलं, साहेब! साहेब म्हणाले, "अगं, कापडावर रंग फुटतो." मग फुगे आले. निळे. पोतंभर! लाटांचा भास व्हावा म्हणून.

"साहेब, तिच्या पोटातून आपण काय काढलं होतं?"

"अगं, ते लाल होतं."

आता मला सांगा, याच्यावर माणसानं काय बोलावं? मी समुद्रविज्ञानात पहिल्या वर्गात पास झालेय, पण याचं उत्तर आम्हाला शिकवलेलं नाही. मी ते पोतं तसंच उचललं आणि घरी नेलं. आई म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला तू घरी नव्हतीस आणि आता हे काय?" मी सगळं सांगितलं. तिनं फुग्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "इतकी घाई का करतेस गं प्रत्येक गोष्टीची? समुद्र काय कुठे पळून चाललाय?" आईसुद्धा!

शेवटी तो दिवस उजाडला. खुर्च्या मांडल्या, टोप्या वाटल्या, शाळेची मुलं रांगेत. आम्ही चौघांनी मिळून आत्याबाईंना उचललं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून मंचाशेजारी आणून ठेवलं. चौघं तर लागतातच तिला, आणि आमच्यातले चौथे साहेबच. म्हणून तर मी इतके दिवस हात चोळत बसले होते, नाहीतर केव्हाच काखोटीला मारून पळाले असते! समुद्र इतका जवळ होता की चप्पल भिरकावली असती तर पाण्यात पडली असती. तिला वास येत असणार हो. मान सारखी त्या बाजूला.

आणि फोन वाजला. पाहुणे येत नाहीत! का? तर ते दुसऱ्या एका महासागर दिनाला गेलेत. शहरात, एका सभागृहात.

मी विचारलं, "तिकडे समुद्र आहे का?"

साहेब कसनुसे होऊन म्हणाले, "पडद्यावर आहे म्हणे."

आता पाहुणे नाहीत तर कासव सोडणार कोण? म्हणजे कासव सोडायला पाहुणा लागतो, ही माझ्या ज्ञानात नवीच भर पडली. मी म्हटलं, मी सोडते, मॅडम सोडतील, ही रांगेतली पोरं सोडतील! पण साहेब म्हणाले, असं नाही करता येत, शोभत नाही, विश्वस्तांना काय सांगू, पुन्हा ठरवू. मग सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली. आम्ही अशी शपथ घेतो की आम्ही समुद्राचं आणि समुद्रातल्या प्रत्येक जीवाचं रक्षण करू… आणि समुद्रातला एक जीव शेजारी फडक्याखाली पडून ते सगळं ऐकतोय! शपथ संपली तेव्हा आत्याबाईंनी असा मोठा श्वास सोडला, फुस्स करून, की पहिल्या रांगेतली पोरं दचकून मागे सरकली. कासवं सोडतातच तसा श्वास, मला माहितीये. पण तो श्वासाचा नव्हता हो आवाज. मी पैजेवर सांगते.

आणि आम्ही तिला उचलून परत टाकीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेब कॅलेंडरपुढे उभे. पुढचा शोभेसा दिवस शोधतायत. मी आणि मॅडम मागे.

"साहेब, कासवांचाच म्हणून एक दिवस असतो ना?"

"असतो की. तो मागच्याच महिन्यात झाला. तेव्हा हिचा पाय कुठे बरा होता? आपण भाषण केलं नाही का!" बोट पुढे सरकलं. "हा वाघांचा आहे… पण वाघाच्या दिवशी कासव बरं दिसत नाही. हत्तींचा… नको. हा डासांचा." डासांपाशी ते चक्क दोन क्षण थांबले, तुम्हाला सांगते! मग बोट तीन पानं उलटून गेलं आणि एका चौकोनावर टेकलं. "हा बघ! किनारा-सफाईचा दिवस. किनारा, समुद्र, कासव, सगळं जमून येतं."

तीन पानं! पावसाळा सरेपर्यंत! मॅडम तडक बाहेर निघून गेल्या. टाकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी गेले तर म्हणाल्या, "तोवर ही हाक मारली की येईल." एवढंच. त्यांचा हात पाण्यावर होता आणि आत्याबाई खरंच त्या हाताखाली येऊन थांबल्या होत्या.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी भांडले असते, आरडाओरडा केला असता, राजीनामा तोंडावर फेकला असता… पण राजीनामा दिल्यावर कासव सुटतं का? मी रागावून जाईन, साहेबांना वाईट वाटेल, ते माझ्या निरोपाचाही एक दिवस करतील, आणि ती भिंतीला नाक घासतच राहील.

तर दुपारी आम्ही जेवायला बसलेलो. साहेबांनी डबा उघडता उघडता नेहमीच्या सवयीनं विचारलं, "उद्या कशाचा दिवस आहे गं?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सागर-वापसी दिन."

"कसला?"

"सागर-वापसी. म्हणजे बरे झालेले समुद्री जीव समुद्रात परत सोडायचा दिवस."

साहेबांचा घास हातातच. "जागतिक की राष्ट्रीय?"

"जागतिक," मी म्हटलं. खोटं बोलायचंच तर देशापुरतं कशाला?

"मग माझ्या कॅलेंडरवर कसा नाही?"

"यंदाच सुरू होतोय, साहेब. आपण केला तर आपणच पहिले."

आपणच पहिले! अहो, काय जादू आहे या दोन शब्दांत! साहेबांनी डबा बंद केला. "पहिले? म्हणजे अजून कुणीच केलेला नाही?" मी म्हटलं, माझ्या माहितीत तरी नाही. हे मात्र अगदी खरं होतं. डॉक्टर मॅडम ताटलीत इतक्या खाली वाकल्या होत्या की नुसते खांदे हलताना दिसत होते. पंपवाले काका मला डोळ्यांनी विचारतायत, हे काय? मी डोळ्यांनी सांगतेय, जेवा.

"पण एका रात्रीत पाहुणे कुठून आणू?" साहेब हवालदिल.

मी म्हटलं, "पाहुणे तुम्हीच."

त्यांनी बंद डब्याचं झाकण उगाच पुन्हा दाबून बसवलं. मग हळूच म्हणाले, "मी?" आणि तुम्हाला खरं सांगते, तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतकी वर्षं या माणसानं किती जणांना टोप्या घातल्या, किती जणांचं स्वागत केलं, पण याला मंचावर बसा असं कुणी एकदासुद्धा म्हटलेलं नव्हतं.

सकाळी सकाळी आम्ही चौघं तिला घेऊन निघालो. ना फलक, ना खुर्च्या. समुद्रकिनारी फिरायला आलेली चार माणसं थांबली, तेवढेच प्रेक्षक. साहेबांच्या खिशात भाषण होतं, मला त्याची घडी दिसत होती. ओल्या वाळूवर तिला ठेवलं. क्षणभर ती हललीच नाही. माझ्या मनात आलं, झालं, माणसाळली, आता वळेल आणि बादली शोधेल… आणि मग तिनं ते बरं झालेलं वल्हं वाळूत रोवलं. एकदा. पुन्हा एकदा. एक लाट आली, तिच्या पोटाखालून गेली. दुसरी आली आणि तिला उचललं. आम्हा चौघांना जड होणारी ती, पाण्याला तिचं वजनच नव्हतं!

साहेब तिच्या मागोमाग चालत गेले. बूट, पँट, सगळ्यासकट, कमरेइतक्या पाण्यात. आणि भाषण? भाषण खिशातच भिजलं. ते एवढंच म्हणाले, "जपून हं. होडीपासून लांब राहायचं." थोड्या अंतरावर तिनं एकदा डोकं वर काढलं, फुस्स केलं आणि गेली. मागे वळून वगैरे काही पाहिलं नाही हो. का पाहावं तिनं?

साहेब कितीतरी वेळ तसेच उभे होते. परत आले तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, "खारं पाणी उडालं." आम्ही हो म्हटलं.

आता इथं मी थांबायला हवं होतं ना? गोष्ट छान संपली असती. पण मी सांगितलं ना, समुद्राच्या बाबतीत काही संपत नाही.

साहेबांनी विश्वस्तांना कळवलं. विश्वस्त खूश! शेजारच्या शाळेनं सागर-वापसी दिनाची घोषवाक्यं मागितली. कुठल्याशा दुसऱ्या केंद्रानं विचारलं, आम्हीही करू का? आणि पुढच्या वर्षीच्या छापील कॅलेंडरात तो चौकोन आला, लाल अक्षरांत! मी पाहिला आणि मला घाम फुटला.

कारण तोवर आमच्याकडे दुसरं कासव आलं होतं. लहानसं, परातीएवढं, तसंच जाळ्यात सापडलेलं. आणि भराभर बरं झालं हो पोर! मॅडमनी मला हाक मारली, "ये, बघ." तळाशी बसलेलं. मी पुन्हा धावतच साहेबांकडे. आणि साहेबांनी काय करावं? टाळी वाजवली, आणि मागे वळून भिंतीकडे…

"साहेब, नको!"

"अगं, आता तर आपला स्वतःचा दिवस आहे! त्या दिवशी नाही सोडायचं तर कधी सोडायचं? लोक काय म्हणतील? ज्यांनी सुरू केला तेच पाळत नाहीत?"

मी म्हटलं, साहेब, त्याला जवळजवळ वर्ष आहे! मग म्हटलं, उद्या दुसरा एक दिवस आहे, नवा. तर म्हणाले, "एकाच कामाला दोन-दोन दिवस नसतात गं." मग मी पंप बंद केला, दार लावलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. की साहेब, असा दिवसच नाहीये. मी काढला. डबा खाता खाता काढला. हवं तर मला काढून टाका, पण त्याला सोडा.

तुम्हाला वाटेल ते चिडले. छे! माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, म्हणाले, "मला काय कळलं नव्हतं? अगं, सगळेच दिवस कुणीतरी असेच काढलेले असतात. म्हणून काय ते खोटे होतात? तुझा तर किती चांगला आहे." आणि वर, "काळजी करू नकोस. समुद्र काय कुठे पळून चाललाय?"

आता बोला! आपल्याच दिवसाच्या विरोधात भांडणारी जगातली पहिली बाई मी असेन. रोज भांडतेय. मॅडम भांडतायत, पंपवाले काकासुद्धा परवा एक वाक्य बोलले. साहेब जरा जरा विरघळतायत असं वाटतं, काल तर म्हणाले, "बघू." मी त्या 'बघू'ला धरून आहे. आज सकाळी टाकीपाशी बसून पुढचा मुद्दा जुळवत होते, तेवढ्यात मंडपवाला आला, किनारा-सफाईच्या कार्यक्रमाची मापं घ्यायला. टेप गुंडाळता गुंडाळता त्यानं टाकीत डोकावून पाहिलं, त्या पोराला नीट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला,

"पुढच्या वर्षीचं कासव हेच ना, ताई? भरेल हो वर्षभरात अंगानं."